गावाचा पैसा, गावाचा हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोरा येथे सरकारी मालकीची दगडी कोळशाची खाण चालू होती. ती 1906 साली बंद झाली. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या त्या खाणीचा जमाखर्च सरकारी कचेरीत पाहिला जाई. आसपासच्या रयतेला मात्र तो मागण्याचा अधिकार नव्हता. आज वरोरा तालुक्यातील प्रत्येक गावाला आपल्या ग्रामपंचायतीचा हिशेब विचारण्याचा अधिकार कायद्याने मिळाला आहे. या अधिकाराचे स्वरूप सदस्यांनी व शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

राज्याच्या वित्त विभागाच्या अधिपत्याखाली स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय काम करते. 1930 चा मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम हा त्याच्या कामाचा आधार होय. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांचे लेखे हे संचालनालय तपासते. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांच्या कारभाराबाबत पुढे विधिमंडळाची पंचायती राज समिती संबंधित अधिकाऱ्यांची साक्ष घेते.

लेखापरीक्षक नेमके काय पाहतो? समजा, एखाद्या गावी विहिरीची दुरुस्ती झाली. कामास मंजुरी देणारा ठराव, अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, देयक व पावती आणि रोकडवहीतील खर्च या सर्वांचा मेळ बसला पाहिजे. विहीर प्रत्यक्ष दुरुस्त झाली, पण मोजमापाची नोंद नाही, तर आक्षेप निघतो. कागद सर्व आहेत, पण विहीर जशीच्या तशी आहे, हा प्रकार त्याहून गंभीर. पहिला दोष कागदावरून दिसतो; दुसरा मात्र गावकऱ्यांना सर्वांआधी ठाऊक असतो. म्हणूनच कचेरीतील तपासणीला गावाच्या डोळ्यांची जोड हवी.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 8 मध्ये ही जोड आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्रामसभेची पहिली बैठक घ्यावयाची असते. त्या बैठकीपुढे वार्षिक लेखे, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे पंचायतीने ठेवावयाची असतात. हे शेवटचे कलम पुष्कळदा दुर्लक्षित राहते. आक्षेप म्हणजे आरोप नव्हे. तो खुलाशासाठी विचारलेला प्रश्न असतो. परंतु उत्तर वेळेवर न गेल्यास तो वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. सरपंच बदलतात, सचिवांची बदली होते, जुनी देयके सापडत नाहीत आणि साधी त्रुटी पुढे वसुलीचे प्रकरण होऊन बसते.

यात गावाचेही नुकसान असते. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानासाठी लेखे जनतेस पाहण्यास खुले असण्याची अट घातली होती. 2021-22 पासून त्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होती. हिशेब मागे पडला की त्याची झळ अखेर पाणवठ्यापर्यंत पोहोचते.

यास्तव तीन गोष्टी सहज करता येतील. सदस्यांनी मासिक सभेत प्रलंबित आक्षेपांचा विषय नियमित घ्यावा. सचिवांनी प्रत्येक आक्षेपासमोर उत्तराची तारीख लिहून ठेवावी. शिक्षकांनी ग्रामसभेत लेखापरीक्षा टिप्पणीचा अर्थ सोप्या भाषेत सांगावा. वरच्या वर्गातील मुलांना जमाखर्चाचा पाठ देताना गावाचेच अंदाजपत्रक उदाहरणादाखल घ्यावे.

लेखापरीक्षक गावी येतो आणि आपले काम आटोपून जातो. विहीर, रस्ता व शाळा मात्र गावातच राहतात. त्यांवरील खर्चाचा शेवटचा तपासनीस ग्रामसभाच आहे. तिने प्रश्न विचारावयाचा आणि पंचायतीने त्याचे उत्तर द्यावयाचे, ही रीत रुजली तर कायद्यातील अधिकार गावाच्या कारभारात उतरेल.