मोळी आणि कागद



चूल पेटायची तर सरपण हवे. सरपण हवे तर कोणाला तरी रानात जावे लागते, आणि बहुतेक घरी ते कामही माउलीच्याच माथी. पहाटे उठायचे, कमरेला कोयता खोचायचा, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि डोंगराची वाट धरायची. येलदरीला पूर्णेवर एवढे मोठे धरण झाले, त्याच्या पायथ्याशी वीजघर उभे राहिले. तरी आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची मोळी काही डोक्यावरून उतरली नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅसची शेगडी आली. पण टाकी संपली आणि हातात पैसा नसला, की पुन्हा चूलच. म्हणून सरपणाचे नियम प्रत्येकाला ठाऊक हवेत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची. एका सकाळी आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"काय झालं, बाई?" आम्ही विचारले.

"गुरुजी, माझी मोळी धरली. कुऱ्हाड ठिवून घेतली. कागदावर अंगठा घेतला. आता म्हणतात, मोठा दंड भर."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"मला काय ठाव? वाचता येत असतं तर अंगठा कशाला देते?"

आम्ही तिच्याबरोबर कचेरीत गेलो. कागद मागून घेतला आणि मोठ्याने वाचला. त्यात लिहिले होते, 'हिरवे झाड तोडताना सापडली.' बाई तिथेच ओरडली, "न्हाई हो! म्या वाळलेलंच येचलं!" मोळी अजून अंगणात पडली होती. साहेबांनी ती सोडून पाहिली. सगळ्या वाळक्या फांद्या. एकही ओली नव्हती. साहेब समंजस होते. त्यांनी कागद दुरुस्त करून घेतला. पण ते हेही म्हणाले, "गुरुजी, हे राखीव वन आहे. इथून वाळलेली काडीसुद्धा विचारल्याशिवाय नेता येत नाही." बाईला थोडा दंड पडलाच. तो भरला, पावती घेतली, कुऱ्हाड परत मिळाली.

परत येताना आमच्या मनात दोन गोष्टी आल्या. बाईने हिरवे झाड तोडले नव्हते, हे खरे. पण नियम तिला ठाऊक नव्हता, हेही खरे. एका अंगठ्याने तिच्यावर न केलेला गुन्हा आला असता. म्हणून हा धडा.

रान कोणते, ते ओळखा

सगळे रान सारखे नसते. १९२७ सालच्या भारतीय वन कायद्यात वनाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन आपण नीट समजून घेऊ.

पहिले राखीव वन. येथे ज्याची परवानगी दिली आहे तेवढेच करता येते. बाकी सारे मना. झाड तोडणे, ढोरे चारणे, विस्तव पेटवणे, परवानगी नसेल तर यांतले काहीच चालत नाही.

दुसरे संरक्षित वन. येथे उलटे आहे. सरकारने ज्याला मनाई केली आहे ते करायचे नाही. बाकीचे करता येते. म्हणून कोणत्या झाडाला आणि कशाला मनाई आहे, हे आधी विचारावे.

वनाबाहेर गायरान असते आणि आपले शेत असते. शेतातल्या पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरच्या काटक्या तुमच्याच. पण शेतातले मोठे झाड तोडायचे तर १९६४ सालचा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी काही झाडे त्याच्या यादीत आहेत. झाड आपले, शेत आपले, तरी आधी परवानगी काढावी लागते.

गाडी-बैल जाऊ शकतात

वनातला माल चोरून नेताना सापडला, तर नुसते लाकूडच जप्त होत नाही. कुऱ्हाड, बैलगाडी, मोटार, सारे जप्त होऊ शकते. कोणी म्हणाला, "गाडी दे, एक खेप मारतो," तर आधी विचारा, कशाची खेप? कोणाच्या तरी चार पैशांपायी आपली बैलजोडी जायची.

लहान गुन्ह्यात रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. पण ती रक्कम घेण्याचा अधिकार सरकारने ज्याला दिला आहे, त्याच अधिकाऱ्याला असतो. वाटेत हातावर पैसे ठेवू नका. पैसे दिले की पावती घ्या. पावती नाही, तर तो दंड नव्हे.

हक्कही आहे

नुसती बंदीच आहे असे नाही. जंगलाच्या काठी राहणाऱ्यांचे हाल जुनेच आहेत. हिंगोलीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात पुसद आहे. तेथे जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापून सत्याग्रह केला. तेव्हा तिथे कारभार इंग्रजांचा आणि आपल्याकडे निजामाचा. गवताच्या पेंढीसाठी मोठी माणसे तुरुंगात गेली.

पुढे स्वराज्य आले. २००६ साली वन हक्क कायदा झाला. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जंगलाचा जो वापर केला, तो गावाचा सामूहिक हक्क म्हणून या कायद्याने मान्य होऊ शकतो. गौण वनउपज गोळा करण्याचा हक्कही त्यात आहे. गौण वनउपजात मध, डिंक, तेंदूपाने येतात, तसेच झुडपी लाकूड आणि खुंटही येतात. इमारती लाकूड मात्र येत नाही.

हा हक्क आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो. आमच्या भागातले आंध बांधव अनुसूचित जमातीचे आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण वनात किंवा वनावर अवलंबून राहत होतो, हे त्यांनी दाखवायचे. तांड्यावरचे बंजारा बांधव आणि इतर गावकरी यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. कागद नसेल तर घाबरू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसाची जबानी लिहून घेतली, तर तीही पुराव्यात धरतात. पण जो हक्क मागतो त्याची स्वतःचीच जबानी चालत नाही.

सुरुवात ग्रामसभेपासून होते. ग्रामसभा १० ते १५ जणांची वन हक्क समिती निवडते. तिच्यात एक तृतीयांश तरी बाया असाव्या लागतात. मोळी बायांच्या डोक्यावर असते, तेव्हा समितीतही त्या हव्यातच. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अशीच ग्रामसभा भरवून २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तेथे हक्काबरोबर राखणही गावानेच केली. कारण हा कायदा गावावर वन सांभाळण्याची जबाबदारीही टाकतो. पळसाचे, धावड्याचे कोवळे रोप आज तोडले, तर उद्याची मोळी कुठून आणणार?

ती बाई पुढे आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागली. पहिल्या महिन्यात तिने आपले नाव लिहिले. आम्ही विचारले, "आता काय शिकायचं?" ती म्हणाली, "गुरुजी, आता पावती वाचायला शिकवा."

लक्षात ठेवा

१. रान राखीव की संरक्षित, हे आधी विचारा.
२. हिरव्या झाडाला हात लावू नका. वनात विस्तव टाकू नका.
३. कागद वाचल्याशिवाय, किंवा वाचून घेतल्याशिवाय, सही-अंगठा देऊ नका.
४. पैसे दिले की पावती घ्या.
५. वन हक्काचा अर्ज ग्रामसभेत करा.

आठवून सांगा

१. बाईच्या कागदात कोणती खोटी गोष्ट लिहिली होती?
२. राखीव वन आणि संरक्षित वन यांत फरक काय?
३. तुमच्या गावात वन हक्क समिती आहे काय? तिच्यात बाया किती?

शब्दांचे अर्थ

सरपण : जळणाचे लाकूड. चुंबळ : ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची वेटोळी. गौण वनउपज : इमारती लाकडाखेरीज वनात मिळणारा झाडझुडपांचा माल.