भय आले तेथेच थांबा



दीक्षा घेतल्यानंतर पुष्कळ घरांत एक प्रसंग येतो. देव्हारा रिकामा झालेला असतो. भिंतीवर भगवान बुद्धांची व पूज्य बाबासाहेबांची तसबीर लागलेली असते. बावीस प्रतिज्ञा म्हणून झालेल्या असतात. आणि एके रात्री मूल तापाने फणफणते. शेजारीण म्हणते, "मरीआईचं सोडलंत ना, म्हणून हे!" आई काही बोलत नाही, पण तिच्या पोटात गोळा येतो. मन म्हणते, एकदाच अंगारा लावला तर काय बिघडले?

अशा वेळी काय करावे? प्रथम, भय वाटले याची लाज धरू नका. बोधी प्राप्त होण्यापूर्वी सिद्धार्थ गौतमालाही भय वाटले होते, आणि ते त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. मज्झिमनिकायातील चौथे सुत्त, भयभेरव सुत्त, याच विषयावर आहे. श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणि ब्राह्मणाने घोर अरण्यातील एकांतवास किती कठीण आहे हा विषय काढला, तेव्हा तथागतांनी आपला अनुभव सांगितला.

त्यात तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी शीलाची. अरण्यात राहताना त्यांनी आपली काया, वाचा, मन आणि उपजीविका तपासली. ज्याचे आचरण मळलेले असते, तो आपले भय आपल्याबरोबरच घेऊन जातो. आपले आचरण शुद्ध आहे हे पाहून त्यांना धीर आला.

दुसरी पायरी निश्चयाची. लोक ज्यांना भयंकर समजत, त्या वनातल्या व झाडांखालच्या देवस्थानांत ते मुद्दाम जाऊन राहिले. तेही पक्षातील अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या रात्री. पंधरावी म्हणजे पौर्णिमा, तशीच अमावास्याही!

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. तेथे एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी, आणि वाटे की भय आले. तेव्हा त्यांनी ठरवले : चालताना भय आले तर चालतच, उभे असताना आले तर उभ्यानेच, बसलो असताना आले तर बसूनच त्याला दूर करायचे. ते ओसरेपर्यंत स्थिती बदलायची नाही.

विचार करा. ते पळाले असते, तर मोर मोर म्हणून कळलाच नसता. जन्मभर ते भूतच राहिले असते.

आता त्या आईकडे वळू. थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. मुलाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे, औषध वेळेवर द्यावे, रात्रभर उशाशी बसावे. फक्त अंगारा लावू नये, नवस बोलू नये. कारण औषधाने मूल बरे झाले, तरी श्रेय अंगाऱ्याला जाईल आणि भय घरात कायमचे मुक्कामाला राहील. आजार देव मानणाऱ्या घरीही येतो, हे शेजारणीलाही ठाऊक आहे.

अज्ञात वाटेवर जाणे म्हणजे आंधळी उडी नव्हे. पूज्य बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची व विचाराची होती. पण विचार पक्का झाल्यावर पाऊल मागे घेतले नाही.

या पंधरवड्यात आपले एकच लहान भय निवडा. विहारात चारचौघांपुढे वंदना म्हणण्याचे, अमावास्येला प्रवासास निघण्याचे, किंवा सासरच्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे "आम्ही नवस फेडणार नाही" असे सांगण्याचे. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणा, आणि ते काम करा. छाती धडधडेल, धडधडू द्या. जागा सोडू नका.

काही वेळाने कान देऊन ऐका. बहुधा तो मोरच असेल.