वालाची साठवण : अगोटीपूर्वीची दक्षता

कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वालाचे पीक घेतले जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येणाऱ्या या वालावर पावसाळ्यातील कालवणाची आणि पुढील पेरणीच्या बियाण्याची भिस्त असते. मात्र ही बेगमी अनेकदा भुंगेऱ्याच्या तोंडी जाते.

कीड कणगीतच लागते, हा समज अपुरा आहे. भुंगेरा शेतातच पिकलेल्या शेंगांवर अंडी घालतो आणि दाण्यात शिरलेली अळी धान्यासोबत घरात येते. म्हणून वाळलेल्या शेंगा शेतात राखू नयेत. मळणीनंतर दाणे तीन-चार दिवस कडक उन्हात पातळ पसरावेत व रात्री दवापासून झाकावेत. दाताखाली दाणा कट्कन फुटला, की तो वाळला असे समजावे. दाणे थंड झाल्यावर किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावेत. तेलामुळे अंडी व नवजात अळ्या बव्हंशी मरतात. भुंगेऱ्याची एक पिढी सुमारे महिन्यात पूर्ण होते. त्यामुळे दरमहा पाहणी आवश्यक आहे.

शिक्षकांनी तेल लावलेले व न लावलेले दाणे दोन बरण्यांत ठेवून हा फरक विद्यार्थ्यांना दाखवावा. पंचायत सदस्यांनी मळणीपूर्वीच ही माहिती घरोघरी पोहोचवावी.