जुन्या काँक्रीटला नवे काँक्रीट कसे जोडावे?



गळीत हंगाम आटोपला, खोडव्याला पाणी देऊन झाले, की उन्हाळ्यात आपल्याकडे दुरुस्तीची कामे निघतात. कुणाला हौदाची भिंत दोन फूट वाढवायची असते. कुणाच्या विहिरीचा कठडा पडलेला असतो, कुणाच्या गोठ्याचा कोबा उखडलेला असतो, तर कुणाचा मोटारीचा ओटा हललेला असतो. गवंडी येतो, जुन्यावर पाणी शिंपडतो, सिमेंटचं पाणी ओततो आणि नवा माल टाकतो. दिवाळीपर्यंत काम छान दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात मात्र बरोबर सांध्यावर केसाएवढी चीर उमटते आणि पाणी पाझरू लागतं. मग "सिमेंटच भेसळीचं होतं" असं म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा दोष सिमेंटचा नसतो, सांध्याचा असतो.

हे नुकसान किरकोळ समजू नये. दहा फूट लांब, दहा फूट रुंद हौदातलं पाणी गळतीनं रोज एक इंच उतरलं, तर दिवसाला सुमारे २३५ लिटर पाणी वाया जातं. कालव्याचं आवर्तन लांबलं, रात्रीच्या विजेवर हौद भरावा लागला, तर हे पाणी डोळ्यांदेखत जातं. आणि विहिरीच्या कठड्याचा सांधा कच्चा राहिला तर प्रश्न पाण्याचा राहत नाही, कठड्याला टेकणाऱ्या माणसाच्या जिवाचा होतो.

सांधा का सुटतो?

त्याची तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे मळ. जुन्या काँक्रीटवर शेवाळ, माती, मोटारीचं तेल, जुना रंग असतो. शिवाय ओतताना वर आलेली सिमेंटची साय वाळून तिचा पातळ, ठिसूळ थर बसलेला असतो. नवा माल या थराला चिकटतो, खालच्या खडीला चिकटतच नाही. थर सुटला की सांधा सुटतो.

दुसरे कारण, जुने कोरडे काँक्रीट तहानलेले असते. ते नव्या मालातले पाणी शोषून घेते. त्यामुळे नेमके सांध्याजवळचे सिमेंट पाण्याविना अर्धेकच्चे राहते.

तिसरे कारण आकुंचनाचे. नवे काँक्रीट वाळताना थोडे आकसते. जुन्याचे आकसणे केव्हाच होऊन गेलेले असते. एक ओढतो, दुसरा जागचा हलत नाही, आणि ताण सगळा सांध्यावर येतो. माल जितका पातळ कालवावा तितके आकसणे जास्त.

आधी भेग ओळखा

आपल्या भागात काळी जमीन बरीच आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाने बांधलेला हौद जमिनीबरोबर हलतो. अशी हलती भेग कडक मालाने कितीही भरली तरी पुन्हा उघडते. म्हणून भेगेवर आडवी सिमेंटची छोटी पट्टी लावून तिच्यावर तारीख लिहून ठेवावी. दोन-तीन महिन्यांत पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे असे समजावे. तिथे आधी पाया आणि पाण्याचा निचरा सुधारावा. भेगेत ताणलं जाणारं, रबरासारखं सीलंट भरावं. पट्टी शाबूत राहिली तरच पुढची जोडणी करावी.

पृष्ठभागाची तयारी

दुकानातल्या कोणत्याही केमिकलपेक्षा हे काम महत्त्वाचे आहे.

१. छन्नी-हातोड्याने टाचे मारून जुना पृष्ठभाग खरबरीत करावा. खडी उघडी पडली पाहिजे आणि खाचखळगे साधारण पाव इंचाचे हवेत. नुसते वरवर टोचे मारून भागत नाही.
२. टिकाव किंवा मोठा घण वापरू नये. त्याने आतली खडी खिळखिळी होते.
३. ठिगळाच्या कडा उभ्या, अर्धा इंच खोल कापून घ्याव्यात. कडेला निमुळता झालेला पातळ माल हमखास सुटतो.
४. उघड्या पडलेल्या सळईचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. गंज सळईच्या मागे गेला असेल तर मागचेही काँक्रीट काढावे.
५. तेलकट डाग साबणाच्या पाण्याने घासून काढावेत. शेवटी धूळ जोरदार पाण्याने धुवून टाकावी.

हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर जुने काँक्रीट चांगले आहे. बद्द आवाज आला तर तेवढा भाग काढून टाकावा. मेलेल्या काँक्रीटला नवे जोडणे म्हणजे कुजक्या खुंट्याला बैल बांधणे होय.

कोणते केमिकल कुठे?

नुसती सिमेंटची लापशी: हा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय. जुने काँक्रीट आदल्या दिवसापासून भिजत ठेवावे. काम करताना ते आतून ओले, पण वर पाणी न साचलेले असावे. लापशी ब्रशने घासून लावावी आणि लगेच नवा माल टाकावा. पृष्ठभाग नीट तयार केला असेल आणि माल दाबून भरला असेल, तर साध्या कामाला एवढे पुरते.

एसबीआर लेटेक्स: हे कृत्रिम रबराचे दुधासारखे द्रव असते. ते सिमेंटात कालवून सायीसारखी लापशी करतात. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, तेच पाळावे. हौद, कोबा, कालव्याकडच्या पाटाचे अस्तर अशा सतत ओल्या जागी हे चांगले. यालाही पृष्ठभाग भिजवलेलाच लागतो. एक इंचापेक्षा पातळ ठिगळ असेल तर मालातही लेटेक्स घालावे.

इपॉक्सी: यात राळ आणि हार्डनर असे दोन भाग असतात. दोन्ही दिलेल्या प्रमाणात पूर्ण मिसळावे लागतात. अंदाजाने कमी-जास्त केले तर ते बसतच नाही. याची पकड सर्वांत मजबूत, पण किंमतही जास्त. साध्या इपॉक्सीला पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात कालवलेला डबा फार लवकर घट्ट होतो. म्हणून काम पहाटे करावे, थोडे थोडे कालवावे आणि हातमोजे घालावेत. मोटारीचा ओटा आणि सळया रोवणे यासाठी हे योग्य.

पांढरा गोंद: सुतारकामाच्या जातीचा हा गोंद पाणी लागले की पुन्हा मऊ होतो. हौद, विहीर, गोठा येथे तो वापरू नये.

सर्वांना लागू असलेला एक नियम आहे: लापशी किंवा इपॉक्सी चिकट असतानाच नवा माल पडला पाहिजे. पुष्कळदा सकाळी केमिकल लावतात आणि जेवण करून दुपारी माल टाकतात. तोवर ते वाळून गुळगुळीत होते. मग जोडण्यासाठी लावलेला थरच दोघांना वेगळे करणारा पडदा बनतो. असे झाले तर तो थर घासून काढून नवा लावावा.

कोयनेचा धडा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या वरच्या भागात, मागचा उतार जिथे बदलतो त्या सुमारास, आडव्या भेगा पडल्या. भेगांत इपॉक्सी दाबाने भरण्यात आले. पण इंजिनिअर तेवढ्यावर थांबले नाहीत. धरणाच्या मागच्या बाजूला नव्या काँक्रीटचा भक्कम आधार देण्यात आला.

आपल्या शेतावर त्याचा अर्थ एवढाच: केमिकल भेग भरते आणि सांधा धरते, भार मात्र काँक्रीट आणि लोखंडाने पेलावा लागतो. म्हणून हौदाची भिंत वाढवताना किंवा विहिरीचा कठडा बांधताना जुन्या काँक्रीटमध्ये भोके पाडून, त्यातली भुकटी फुंकून काढून, सळया इपॉक्सीत रोवाव्यात आणि मगच नवे काम उभे करावे. घराचा खांब, तुळई, गॅलरी किंवा पाण्याची उंच टाकी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नये.

नीरा डाव्या कालव्याखालच्या गावांत चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी विहिरी अजून आहेत. चुना मऊ, सिमेंट कडक. चुन्याच्या दरजांवर कडक सिमेंट थापले तर ते पापुद्र्यासारखे सुटते, जाताना जुना चुनाही घेऊन जाते. तिथे चुन्याचाच माल वापरावा.

साखर आणि खारे पाणी: आपल्याकडचे दोन शत्रू

पूर्वी चुन्याच्या घाणीत गूळ घालत असत. त्यामुळे काही वडीलधारी मंडळी सिमेंटातही गूळ घालायला सांगतात. सिमेंटात ते चालत नाही. ५० किलोच्या पोत्यामागे २५ ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट बसायला काही तास उशीर होतो. १०० ग्रॅमच्या वर गेली तर माल बसेनासा होतो. म्हणून मळीचे पिंप, रसाची बादली, गुऱ्हाळाची काहील न धुता माल कालवायला घेऊ नये. पाणी मारताना अंथरायला साखरेची जुनी पोती घेतली तर ती आधी स्वच्छ धुवावीत. ताजे चिपाड अंथरू नये, त्यात साखर शिल्लक असते.

बारामती-इंदापूरच्या क्षारपड पट्ट्यात विहिरीचे पाणी मचूळ असते. अशा पाण्याने सळया गंजतात, फुगतात आणि सांधा आतून फोडतात. आयएस ४५६ या मानकानुसार लोखंड असलेल्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड असलेले पाणी वापरू नये. शंका असेल तर पाणी तपासून घ्यावे, नाहीतर माल कालवायला आणि भिजवायला गोडे पाणी आणावे.

शंका-समाधान

शंका: केमिकल भारी घेतले तर टाचे मारायला नकोत ना?
समाधान: मारावेच लागतील. केमिकल ज्याला लावाल त्यालाच चिकटते. ते धुळीला लावले तर धुळीलाच चिकटेल.

शंका: पाणी किती दिवस मारावे?
समाधान: आपली हवा उष्ण आणि कोरडी. कमीत कमी १० दिवस, आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस काम सतत ओले ठेवावे. दिवसातून दोनदा शिंतोडे उडवून भागत नाही, गोणपाट ओले राहिले पाहिजे. लेटेक्स किंवा इपॉक्सीचा नुसता थर उघडा राहिला असेल तर तिथे डब्यावरची सूचना पाळावी.

शंका: हौदातले पाणी जनावरांना केव्हा पाजावे?
समाधान: भिजवण्याची मुदत संपल्यावर हौद एकदा-दोनदा भरून पूर्ण रिकामा करावा, मग वापरावा. पिण्याच्या पाण्याला चालते असे डब्यावर लिहिलेलेच केमिकल घ्यावे.

लक्षात ठेवा

भेग हलती की स्थिर हे आधी पाहा. खडी उघडी पडेपर्यंत टाचे मारा. सिमेंट आणि लेटेक्सला पृष्ठभाग ओला, इपॉक्सीला कोरडा. चिकट आहे तोवर माल टाका. माल घट्ट कालवा, सांध्याजवळ दाबून भरा. जिथे भार आहे तिथे सळई रोवा. गोड आणि खारे, दोन्ही दूर ठेवा.

पाणी मारून झाल्यावर सांध्यावर हातोडी ठोकून बघा. खणखणीत वाजला तर गवंड्याला शाबासकी द्या. बद्द वाजला तर हौद भरण्याआधीच तेवढा भाग काढून पुन्हा करून घ्या. गवंडी गावात आहे तोवरच हे सोपे असते.