दुसरे मत : सत्ता, समझोता आणि संघर्ष यांचा एक पाठ

वर्गात स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी हमखास उभा राहून विचारतो, "सर, ज्यांनी राज्यघटना घडवली, ते बाबासाहेब निवडणुकीत हरले कसे?" गेली अनेक वर्षे हा प्रश्न आम्ही ऐकत आलो आहोत. त्यावर केवळ हळहळ व्यक्त करणे सोपे असते. परंतु इतिहासाच्या शिक्षकाचे काम तेथे संपत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर त्याचे उत्तर सविस्तर मांडावे, असे आम्हांस वाटते. त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या सोलापुरातच घडलेला आहे.

प्रथम १९३२ कडे वळू. १६ ऑगस्ट १९३२ रोजी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते आणि त्याखेरीज सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत देता येणार होते. म्हणजे अशा भागातील अस्पृश्य मतदाराजवळ दोन मते होती. पहिल्या मताने तो आपला प्रतिनिधी निवडणार होता. दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला त्याच्या दारी यावे लागणार होते. या निवाड्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा वाढून १४८ झाल्या. पण स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्याबरोबर ते दुसरे मतही गेले. राखीव जागेवर कोण बसणार, हे अखेरीस बहुसंख्याकांची मते ठरवू लागली.

१९५१-५२ च्या निवडणुकीत 'दुसरे मत' वेगळ्या रूपाने पुन्हा अवतरले. अनेक ठिकाणी द्विसदस्य मतदारसंघ होते. त्यांत एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव असे. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दलित मतदार जवळपास सर्वत्र अल्पसंख्य. तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या उमेदवाराला राखीव जागा जिंकायची, तर इतर समाजांतील मतदारांनी आपले एक मत त्याला दिले पाहिजे, हे उघड होते. दोन पक्षांच्या नेत्यांनी व्यासपीठावर हात मिळवले, तरी समझोत्याची खरी परीक्षा मतपेटीपाशी, त्या दुसऱ्या मताने होत असे.

आता सोलापूर पाहा. येथील द्विसदस्य मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघे लोकसभेवर निवडून आले. देशभर काँग्रेसचा प्रभाव असताना येथे दोन्ही जागा तिच्या हातून गेल्या. फेडरेशनला त्या वेळी साऱ्या देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. एक सोलापूरची आणि दुसरी करीमनगरची. गावगाड्यात शेतकरी आणि अस्पृश्य यांचे संबंध सलोख्याचे नव्हते. पाणवठा, गावकीची कामे, जमीन यांवरून संघर्ष नित्याचाच होता. तरीही या दोघांचे प्रतिनिधी एकाच मतदारसंघातून एकाच वेळी दिल्लीला गेले, ही गोष्ट सोलापूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत मात्र वेगळे घडले. तेथे फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी समझोता होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. पराभव १४,५६१ मतांचा. अशोक मेहता हेही पराभूत झाले, पण त्यांना बाबासाहेबांपेक्षा सुमारे १६ हजार मते अधिक होती. म्हणजे मित्रपक्षाच्या उमेदवाराला मत देणाऱ्या हजारो मतदारांचे दुसरे मत बाबासाहेबांपर्यंत पोहोचले नाही. बाद ठरलेल्या ७४,३३३ मतांचा प्रश्न घेऊन दोघांनी निवडणूक अर्जही दाखल केला. निकाल बदलला नाही.

१९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत हेच दोघे पुन्हा उभे राहिले. आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचवले आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारले, असे चळवळीत आजही सांगितले जाते. निकालात अशोक मेहता विजयी झाले आणि बाबासाहेब पराभूत. शब्द पाळणाऱ्याच्या मतांचा लाभ मित्राला झाला. मित्राकडून मात्र तितकी परतफेड झाली नाही.

येथे भगवान बुद्धांच्या काळातील वज्जी गणसंघाचे स्मरण होते. मगधराज अजातशत्रूला वज्जींवर चाल करायची होती. त्याचा मंत्री वस्सकार तथागतांकडे आला. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने निर्णय घेतात, वडीलधाऱ्यांचा मान राखतात, असे सात नियम आनंदांना विचारून, ते पाळले जात आहेत तोवर वज्जींची हानी होणार नाही, असा बोध तथागतांनी दिला. वस्सकाराने त्यातून उलटा धडा घेतला. वज्जी युद्धाने जिंकता येणार नाहीत, त्यांच्यात फूट पाडावी लागेल, हे त्याने ओळखले. पुढे फूट पडली आणि वैशाली पडली.

आपल्या काळातही हे दोनदा दिसले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन सामील झाले. हेतू स्पष्ट होता, शत्रुमित्र ठरलेले होते. १९५७ मध्ये नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. परंतु थोड्याच काळात त्यात गट पडले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. पुढे १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले व जोगेंद्र कवाडे हे चौघे खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. एका वर्षात ही एकी मोडली. १९९९ मध्ये चौघांपैकी आंबेडकर आणि आठवले हे दोघेच पुन्हा लोकसभेत पोहोचले.

यावरून समझोता करूच नये, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. अल्पसंख्य समाजाला एकट्याच्या बळावर सत्ता मिळत नाही, हे सोलापूरनेच दाखवले. मात्र समझोत्यापूर्वी काही प्रश्न विचारले पाहिजेत. मित्रपक्षाचा सामान्य मतदार आपल्या उमेदवाराला मत देईल, की केवळ त्याचे नेते तसे सांगत आहेत? समझोता कोणत्या मागणीसाठी आहे, की एखाद्या पदासाठी? तो मोडला, तर आपली संघटना शाबूत राहील काय?

सात रस्त्यावर अनेक वाटा एकत्र येतात आणि तेथूनच वेगळ्या होतात. आपल्याला कोठे जायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला कोणाची सोबत कोठवर घ्यावी हेही ठरवता येते. म्हणून वर्गात तो प्रश्न पुन्हा आला, की आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर उत्तर मुंबईचे आकडे मांडायला सांगतो आणि शेजारी सोलापूरचा निकाल लिहायला लावतो. घरी मुलांनी हाच प्रश्न विचारला, तर पालकांनीही या दोन्ही निवडणुका शेजारीशेजारी ठेवून त्यांना समजावून सांगाव्यात, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!