पटावरचं नाव आणि परत आलेलं माणूस : एचआयव्ही उपचारातल्या गळतीचं गणित



दसरा झाला की आमच्या मराठवाड्यातल्या शाळांची हजेरी उतरायला लागते. उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि त्यांच्याबरोबर मुलंही जातात. मग आपण पट घेऊन वस्तीवर फिरतो, आजीला समजावतो, हंगामी वसतिगृहाची यादी करतो. शाळेतून सुटलेलं मूल परत आणायला काय लागतं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आजचा विषय दवाखान्यातला आहे, पण प्रश्न आपल्याच ओळखीचा आहे. एचआयव्हीचा उपचार मध्येच सुटलेल्या माणसाला परत उपचारावर आणायला खर्च येतो. तो करणं परवडतं का?

या विषयाकडे मी वळले ते तिसरीतल्या एका मुलीमुळे. त्या घराची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं काहीही न लिहिता सांगते. मुलगी महिनाभर गैरहजर होती. मला वाटलं, टोळीबरोबर गेली असेल. घरी गेले तर ती अंगणात धाकट्या भावाला भरवत होती. आई आत झोपून, खोकत होती. चार-पाच फेऱ्या झाल्यावर एकदा तीच म्हणाली, "बाई, माझ्या गोळ्या सुटल्यात. दीड वरीस झालं."

उपचार सुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

एचआयव्हीच्या औषधोपचाराला एआरटी म्हणतात. भारतात १ एप्रिल २००४ पासून तो सरकारी केंद्रांतून मोफत मिळतो. आज बहुतेकांना रोज एकच गोळी घ्यावी लागते. गोळी नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तो सापडत नाही तोवर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

पण विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. गोळ्या थांबल्या की साधारण काही आठवड्यांत तो पुन्हा वाढू लागतो. मध्ये मध्ये थांबून उपचार घेतला तर काय होतं, हे ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांवर झालेल्या 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात पाहिलं गेलं. ज्यांचा उपचार थांबवून पुन्हा सुरू केला जात होता, त्यांच्यात गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका सलग उपचार घेणाऱ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त निघाला. म्हणून २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला.

दुसरा अभ्यास आपल्या जवळचा आहे. 'एचपीटीएन ०५२' हा अभ्यास नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झाला. त्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असं २०११ मध्ये दिसलं. म्हणजे एक माणूस उपचारावर टिकला तर दोन माणसं सुरक्षित राहतात. आणि एक सुटला तर प्रश्न एकट्याचा राहत नाही.

आता गणित मांडू

आधी औषधाची किंमत बघा. २००० सालाच्या आसपास श्रीमंत देशांत एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना १० ते १५ हजार डॉलर लागत. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. २०२३ मध्ये गरीब देशांसाठी आजच्या एका गोळीच्या उपचाराची वर्षाची किंमत ४५ डॉलरच्या खाली आली. आता अडचण गोळीच्या किमतीची कमी आणि गोळीपर्यंत माणूस पोचण्याची जास्त आहे.

खालचं उदाहरण काल्पनिक आहे. फळ्यावर मांडतो तसं, फक्त समजण्यासाठी.

समजा, एका केंद्रात १०० माणसांनी औषध न्यायला येणं बंद केलंय. सगळ्यांना फोन केले. माणशी २० रुपये धरले तर २,००० रुपये. ३० जण फोनवर सापडले. उरलेल्या ७० जणांच्या पत्त्यावर कार्यकर्ता गेला. फेरीला ४०० रुपये धरले तर २८,००० रुपये. एकूण खर्च ३०,००० रुपये.

त्या ७० घरांत काय सापडलं? २५ जण भेटले. २५ जण दुसऱ्या गावच्या केंद्रातून आधीच औषध घेत होते. १० जण वारले होते. १० जणांचा पत्ता लागला नाही. फोनवाल्यांपैकी १५ आणि भेटलेल्यांपैकी १५, असे ३० जण उपचारावर परत आले.

३०,००० भागिले ३०. परत आलेल्या माणसामागे १,००० रुपये. वर्षानंतर त्यातले २० टिकले असं धरलं तर माणशी १,५०० रुपये.

आता दुसरी बाजू. एक माणूस आजारी पडून दहा दिवस दवाखान्यात राहिला, सोबत घरचं एक माणूस राहिलं आणि दोघांची मजुरी रोज ३०० रुपये धरली, तर बुडालेली मजुरीच ६,००० रुपये होते. दवाखान्याचा खर्च, कर्जाचं व्याज, मुलीची बुडालेली शाळा हे सगळं वेगळंच.

गणितातली मेख

इथे थांबून दोन गोष्टी नीट समजून घेऊ, कारण आपण शिक्षकही इथेच घाई करतो.

पहिली गोष्ट. 'स्वस्त' आणि 'किफायतशीर' हे दोन शब्द सारखे नाहीत. परत आलेला माणूस पुढे अनेक वर्षं जगणार, औषधं घेणार, तपासण्या करणार. सरकारचा तो खर्च वाढणारच. नुसती बचत बघायची तर हिशोब विचित्र होतो, कारण वारलेल्या माणसावर काहीच खर्च होत नाही! म्हणून आरोग्याचे अर्थतज्ज्ञ प्रश्न वेगळा विचारतात : जास्तीच्या खर्चातून चांगल्या आयुष्याची किती वर्षं जास्त मिळाली? त्या एका वर्षाला पडलेली किंमत देशाला झेपण्यासारखी असेल तर उपाय किफायतशीर.

याचं एक खरं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं आहे. तिथल्या आबिदजान शहरातल्या रुग्णांचा हिशोब संगणकावर मांडून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णाकडून औषधाचे पैसे न घेणं, प्रवासखर्च देणं, जेवण देणं, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं अशा उपायांनी गळती रोखली तर परवडेल का, हा प्रश्न होता. वर्षाला माणशी २२ डॉलरचा उपाय गळती निदान १२ टक्क्यांनी कमी करत असेल तर तो किफायतशीर ठरतो, असं उत्तर आलं. ७७ डॉलरच्या उपायाला निदान ४१ टक्के गळती कमी करावी लागते. म्हणजे उपाय स्वस्त असेल तर थोडं यशही पुरतं, महाग असेल तर यशही तेवढंच मोठं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. वरच्या उदाहरणात १० जण वारले होते, ती संख्या मी सौम्यच धरली. गरीब देशांतल्या अशा शोधमोहिमांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये घेतला गेला. ज्यांचा ठावठिकाणा लागला, त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के लोक वारलेले आढळले. उशिरा काढलेली फेरी तेवढाच खर्च करते आणि माणूस मात्र हाती लागत नाही. आपल्याकडेही तेच ना? आठवडाभर न आलेलं मूल एका निरोपावर येतं. वर्षभर सुटलेल्या मुलासाठी दहा फेऱ्या माराव्या लागतात.

भारतातही सुटलेल्यांना शोधण्यासाठी २०१७ मध्ये 'मिशन संपर्क' सुरू झालं. महाराष्ट्राला तर याची फार गरज आहे. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतले जवळपास ३ लाख ९४ हजार आपल्या राज्यात होते. कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या जास्त आहे.

माणूस का सुटतो?

त्या आईला मी हाच प्रश्न विचारला. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं : अडाणीपणा, निष्काळजीपणा. तिने सांगितलं ते असं. पाच-सहा महिने कारखान्यावर, औषधाचं केंद्र जिल्ह्याच्या गावी. जवळच्या गोळ्या संपल्या. रजा घ्यायची तर मुकादम पैसे कापणार. गावी परतल्यावर ती केंद्रात गेली. तिथे रांगेत, सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणालं, "आत्ता आठवण झाली का?"

"चार लोकांत म्हणले, बाई. मी तशीच माघारी फिरले."

शासनाची औषधं, इमारत, यंत्रं, पगार, सगळा खर्च आधीच झालेला होता. एका वाक्याने तो तिच्यापुरता वाया गेला.

पुढे त्याच केंद्राची एक कार्यकर्ती तिच्या घरी आली. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने गोळ्यांचा विषयच काढला नाही, मुलांची चौकशी केली, चहा घेतला. चौथ्या वेळी आई तिच्याबरोबर गेली. खोकला टीबीचा निघाला. त्याचे उपचार झाले, एआरटीही पुन्हा सुरू झाली. केंद्रात त्या दिवशी समुपदेशक एवढंच म्हणाले, "आलात, बरं झालं."

हे ऐकताना मी गप्प झाले. कारण तिची मुलगी शाळेत परत आली त्या सकाळी, सगळ्या वर्गासमोर, मी तिला विचारलं होतं, "कुठे होतीस गं इतके दिवस?" मला काही वावगं वाटलं नव्हतं. ती मात्र दिवसभर मान खाली घालून बसली होती.

आपण काय करायचं?

१. कुणाच्या घरात कोणता आजार आहे हे शोधायला जाऊ नका. कुणी विश्वासाने सांगितलं तर ते आपल्यापाशीच ठेवा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करायला आणि शिक्षणात भेदभाव करायला मनाई आहे. हजेरीपत्रकावर, शेऱ्यात, सहकाऱ्यांच्या गप्पांत ती गोष्ट येऊ देऊ नका.

२. डबा वाटून खाल्ल्याने, शेजारी बसल्याने, हात धरल्याने एचआयव्ही होत नाही. पालकांनी हे घरी मुलांना सहज बोलता बोलता सांगावं.

३. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या सभेत सगळ्यांनाच एक वाक्य सांगा : "कुणाला कसल्याही रोजच्या गोळ्या असतील तर जाण्याआधी दवाखान्यात सांगा, तिकडच्या जवळच्या केंद्रातून मिळण्याची सोय होऊ शकते." कुणाकडे बोट न दाखवता हे सांगता येतं. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

४. परत आलेल्या मुलाला पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते ठरवून ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. वरच्या उदाहरणात २५ जण आधीच दुसरीकडे औषध घेत होते. दोन केंद्रांच्या नोंदी जुळल्या असत्या तर किती रुपये वाचले असते?
२. तुमच्या शाळेत एका शाळाबाह्य मुलाला परत आणायला किती फेऱ्या लागल्या? त्यातल्या किती, पहिल्या आठवड्यात गेला असतात तर टळल्या असत्या?

पहिल्याचं उत्तर १०,००० रुपये. दुसऱ्याचं मी माझ्या वहीत लिहिलंय, तुम्ही तुमच्या लिहा.

यंदा त्या घरातली आई पुन्हा टोळीबरोबर गेली. जाण्याआधी केंद्रातून कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी घेतली. मुलगी आजीजवळ राहिली आहे. रोज शाळेत येते.