तहकूब झालेला जीव

महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केल्यामुळे ‘तहकूब’ या शब्दाशी माझा जितका निकट परिचय झाला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाशी झाला असेल. फेरफाराची, हद्दीची, कुळकायद्याची प्रकरणे तारखेमागून तारीख पडत तहकूब होत, लाल फडक्याच्या दप्तरात बांधली जात, आणि वरवर पाहणाऱ्यास ती मेली असेच वाटे. परंतु एखाद्या पावसाळी सकाळी कोणी वारस ओली छत्री झटकीत अर्ज घेऊन उभा राहिला, की तेच प्रकरण जणू कालच दाखल झाले आहे अशा तडफेने पुन्हा चालू लागे. तहकूब म्हणजे निकाली नव्हे, हे ज्ञान ज्याला नोकरीने फुकट दिले, त्यानेच ते एका बेडकाच्या बाबतीत विसरावे, याची खंत मला अद्यापि वाटते.

भिवंडीत अंजूर फाट्याच्या बाजूस आमचे वडिलार्जित भातशेत होते. आज त्या टापूत नजर पोहोचेल तेथवर गुदामांचे पत्रे चकाकतात. पण सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या पाऊण एकराच्या तुकड्यात भाताची खुंटे उभी होती आणि बांधावर करवंदीची जाळी होती. शेजारच्या बांधकामाचा उपसर्ग टाळावा म्हणून पौष महिन्यात मी कुंपणभिंतीसाठी चर खणावयास घेतला. हात-दीड हात खोलीवर कुदळीखालून एक मोठे ढेकूळ निघाले, ते फुटले, आणि आतल्या गुळगुळीत पोकळीत मातीच्याच रंगाचा, पाय पोटाखाली मुडपलेला, डोळे मिटलेला असा ओंजळ भरेल एवढा बेडूक दिसला. पाठीवर लांबट घड्या, मधोमध फिकट रेघ. बेडकाच्या गळ्याखाली एरवी सतत चाललेले धपापणे तेथे दिसेना. खणणारी काथोडी बाई कुदळ टेकवून म्हणाली, “निजलाय तो, बाबा. ठेवा परत.” मी तिच्याकडे पाहिले, ते शिकलेला मनुष्य न शिकलेल्याकडे पाहतो तसे, आणि बेडूक हातरुमालात गुंडाळून घरी आणला.

त्यानंतर मी जे जे केले ते सर्व दयेपोटी केले, आणि ते सर्व चुकीचे होते. प्राणी गारठला आहे असे ठरवून मी त्याला लोकरी मफलरात लपेटले आणि शेगडीपासून वीतभर अंतरावर ठेवले. भुकेला असेल म्हणून औषधाच्या नळीने गूळपाण्याचे थेंब तोंडाशी सोडले. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा साबणाने स्वच्छ धुतलेल्या हातांनी त्याला उचलून नळाच्या ताज्या पाण्याच्या घमेल्यात बसविले. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि दोन उड्या मारल्या. मी घरातल्या सर्वांस हाका मारून तो चमत्कार दाखविला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो मफलरात निपचित पडलेला होता, आणि त्याची कातडी जुन्या पैशांच्या पाकिटासारखी सुरकुतून लोकरीला चिकटली होती.

प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्याने त्याचा अर्थ मला उलगडून सांगितला. भातखाचरातला हा थोराड बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाच्या आणि मांडीच्या कातडीने शोषून घेतो. श्वासही बऱ्याच अंशी तो ओल्या कातडीतूनच घेतो. कातडी सुकली की दोन्ही व्यवहार एकदम बंद. आपल्या ठाणे जिल्ह्यातली थंडी ती काय, परंतु पाऊस सरला की येथे कोरड पडते. त्या कोरडीपासून आणि थोड्याफार गारठ्यापासून बचाव म्हणून तो मातीत उतरतो, सारे शरीरव्यापार मंद करतो, आणि पोटात साठविलेल्या चरबीच्या गंगाजळीवर मृगापर्यंतचे महिने काढतो. शेगडीच्या उबेने मी त्याची भट्टी पेटवली, म्हणजे ती गंगाजळी उधळावयास लावली, आणि बाहेरून भरपाई होण्याचा मार्ग कोरड्या लोकरीने अडविला. ज्या उड्यांना मी प्रकृतीची सुधारणा समजलो, त्या उधळपट्टीच्या होत्या.

म्हणून पाया, विहीर वा चर खणताना असा प्राणी ज्यांच्या पुढ्यात येईल, त्यांनी प्रथम त्याला रोगी मानण्याचे सोडून द्यावे. हात लावावा लागलाच तर विहिरीच्या पाण्याने भिजवून लावावा. हाताला साबण, तेल, मीठ अगर हल्ली सर्रास वापरतात तो सॅनिटायझर यांचा अंशही नसावा. कोरडे फडके वर्ज्य. नळाचे पाणीच हाताशी असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेले असावे, म्हणजे त्यातले क्लोरीन बरेचसे उडून जाते. कुदळ लागून जखम झाली असेल तर आपला हात हळदीच्या डब्याकडे वळतो, तो आवरावा आणि पशुवैद्य गाठावा, किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर विचारावे. रानचा जीव घरात डांबून ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही निर्वेध नसते. तोवर, किंवा काम थांबेपर्यंत, मातीचे मडके पुरते. त्यात त्याच जागेची माती भरावी, ती मुठीत दाबली असता गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकी ओली असावी, तोंडावर भिजलेले गोणपाट टाकावे आणि मडके सावलीत, गारव्याला ठेवावे. अन्न कणभरही देऊ नये. दिवस कलला की खणण्याच्या रेषेपासून दूर, पण त्याच शेताच्या बांधाशी, हातभर खोल खड्डा करून त्यात त्याला बसवावे आणि वरून माती सैल लोटावी, चोपू नये.

‘त्याच शेताच्या’ या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो. वऱ्हाळादेवीच्या तलावात सोडला तर तो अधिक सुखी होईल, असा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी अंदमानची हकीकत ध्यानात घ्यावी: हाच बेडूक माणसांच्या हातून त्या बेटांवर गेला, आणि त्याची खादाड पिल्ले तेथील मूळ रहिवासी बेडकांच्या पिल्लांवर तुटून पडली. शिवाय कायट्रिड नावाची एक बुरशी, जिचा छडा १९९८ च्या सुमारास लागला, उभयचरांच्या कातडीवर वाढते आणि एका डबक्यातून दुसऱ्यात प्राण्यांबरोबरच प्रवास करते. तिचीच एक बहीण सॅलॅमँडरांच्या मुळावर उठली आहे. सॅलॅमँडर हा शेपटीवाला भाऊबंद आपल्या सह्याद्रीत नाही (आपल्याकडे आहे ते बिनपायांचे देवगांडूळ, ज्याला लोक साप समजून ठेचतात). भारतात तो पूर्व हिमालयात राहतो, आणि दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्याच्याकरिता अभयारण्य राखले आहे. तोही हिवाळा दगडांखाली, पालापाचोळ्यात काढतो आणि पावसाबरोबर डबक्याकडे निघतो. थंडीत त्या बाजूस गेलेल्या कोणा मराठी प्रवाशाने दगड उलटून त्याला पाहिलेच, तर दगड अलगद जसाच्या तसा ठेवावा. उबदार खोलीत त्याचा पाहुणचार करू नये.

आमच्या चराचे उरलेले काम पुढच्या वर्षी, पुन्हा पौषातच निघाले, आणि दुसऱ्या टोकाला दुसरा बेडूक सापडला. ह्या खेपेस मी तीच बाई कामाला होती याबद्दल मनातल्या मनात आभार मानले आणि दोन पावले मागे उभा राहिलो. तिने हंड्यातल्या पाण्यात हात बुचकळले, बांधाच्या सावलीत खड्डा केला, बेडूक आत ठेवला आणि पायाने नव्हे, हाताने माती ओढली. जागेची खूण म्हणून मी करवंदीची काटकी खोचू लागलो, तर म्हणाली, “खूण कशाला? तुम्ही मग रोज येऊन उकराल.”

काटकी मी फेकून दिली. मृगाच्या दुसऱ्या पावसात गुदामाच्या पागोळ्यांनी भरलेल्या खाचरात हळदीसारखे पिवळे झालेले आठ-दहा नर, गळ्याचे निळे फुगे फुगवीत, एकमेकांवर ओरडत होते. त्यांत आमचा होता की नाही हे सांगण्याची सोय नव्हती. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होईतो मी बांधावर उभा होतो. पहारेकऱ्याने विजेरीचा झोत टाकून काही हरवले आहे काय म्हणून विचारले, तेव्हा परत फिरलो.